अंगणातून ओढ्याला जाणारे पाणी



गळीत हंगाम आटोपला की आपण खोडव्याच्या मशागतीला लागतो, सुरू उसाची बांधणी उरकतो आणि आभाळाकडे डोळे लावून बसतो. वळीव कुठे पडला, रोहिणी साधली का, मृग वेळेवर निघतो का, याची चर्चा पारावर रोज चालते. किती पाऊस झाला हे आपण बोटावर सांगतो. पण तेच पाणी आपल्या अंगणातून, गोठ्यातून आणि रानातून ओढ्याला जाताना बरोबर काय काय घेऊन गेले, याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. या अंकात आम्ही त्या वाहत्या पाण्याबद्दल लिहीत आहोत. विषय नदीचा आहे, पण त्याची सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून होते.

"साहेब, नदी घाण कोणी केली?"

हा विषय गटसभेत काढला की पहिला प्रश्न हमखास असा येतो. "कारखान्यांचं पाणी, शहरांचं सांडपाणी, ते सोडून आम्हा शेतकऱ्यांना काय सांगता?" प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. साखर कारखान्याचे सांडपाणी, आसवनीचा स्पेंटवॉश आणि शहरांचे मैलापाणी यांचा नदीवरचा भार मोठा आहे. त्यासाठी कायदेही आहेत. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ साली केंद्राचा कायदा आला. आपला कारखाना आपल्याच मालकीचा आहे. त्याने आपले पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडले पाहिजे आणि त्याबद्दल वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे.

पण यात एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी पाइपातून अगर नाल्यातून येते. त्याला तोंड असते. तिथे नमुना घेता येतो, मीटर लावता येतो, नोटीस देता येते. पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या घाणीला तोंडच नाही. ती हजार अंगणांतून, हजार बांधांवरून थोडी थोडी येते. एकेकाची घाण घमेलाभर, पण ओढ्याला मिळेपर्यंत तिच्या गाड्या होतात. मालक हजार, म्हणून मालक कोणीच नाही, अशी तिची गत आहे. तिथे इन्स्पेक्टर पोहोचत नाही. ती थांबवायची तर ज्याचे अंगण त्यानेच थांबवली पाहिजे.

पहिलं पाणी सगळ्यात घाण

थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी पडले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे वळवाची एक चांगली सर येऊन २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर गुंठ्यावर अडीच हजार लिटर आणि एकरावर एक लाख लिटर पाणी पडते. घर, गोठा आणि अंगण मिळून दोन गुंठे जागा धरली तरी एका सरीला पाच हजार लिटर, म्हणजे पाण्याचा एक टँकर होतो. नांगरलेल्या रानात त्यातले बरेच मुरते. पण तुडवून घट्ट झालेले अंगण, फरशी, पत्रा, डांबरी रस्ता इथे मुरायला जागा नसते. तिथले जवळजवळ सगळे वाहते.

आता हे पाणी कशावरून वाहते ते बघा. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत सात महिने आपल्याकडे पाऊस जवळजवळ नसतो. त्या काळात साठलेले शेण, मूत, सांडलेले खत, गळालेले ऑईल, राख, औषधाचे रिकामे डबे, सगळे जागच्या जागी वाळून पडलेले असते. पहिल्या दोन-चार सरी हे सगळे झाडून नेतात. म्हणून जुलैतल्या पुराच्या पाण्यापेक्षा वळवाचे आणि मृगाचे पहिले पाणी जास्त घाण असते. शिवाय त्यावेळी नदीला पाणी कमी असते. तीच घाण जुलैत भरल्या नदीत पातळ होऊन गेली असती, ती जूनच्या तोंडाला डबक्यासारख्या पाण्यात पडते.

ओढ्यात पुढे काय होते

पहिल्या पाण्याला नदीत मासे उलटे होऊन तरंगताना आपण बघतो. कोणी विष कालवले म्हणतो, कोणी आणखी काही. कधी तसेही असेल, पण बहुतेक वेळा मासे गुदमरून मरतात. स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासे जगतात. शेण, मोलासिस, प्रेसमड, गुऱ्हाळाचे गोड पाणी यांतले काहीही पाण्यात पडले की ते कुजवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि तो प्राणवायू खाऊन टाकतात. प्रदूषण मंडळाच्या तपासणीत बी.ओ.डी. म्हणतात ते हेच मोजमाप, म्हणजे घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल त्याचा आकडा. यात ध्यानात ठेवायचे ते असे की माशाला मारायला विषच लागते असे नाही. रानात सोन्यासारखे असलेले शेणखत ओढ्यात पडले की माशाच्या जिवावर उठते.

आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. पावसाळा सरताना बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. या बंधाऱ्यांनी आपला ऊस उभा केला, त्यात शंका नाही. पण अडवलेल्या पाण्यात घाणही अडते. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या आहेत. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी यांचे पाणी घेऊन पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे राधानगरीकडच्या बांधावरून सुटलेले ढेकूळ शेवटी वाडीच्या घाटावर जाते. वरच्याने खालच्याचा विचार केला नाही, तर खालच्याने कोणाकडे बघायचे?

माणसांचेही तेच. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरते. पावसाळ्याच्या तोंडाला गावोगाव गॅस्ट्रो उठतो त्याचे मूळही बहुधा इथेच असते. उघड्यावरची घाण पहिल्या पाण्याने विहिरीत आणि नळाच्या फुटक्या जोडात शिरते.

खताचे पोते आणि आडातले पाणी

ग्रामपंचायत पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकते, त्याने जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट टी.सी.एल.ने जात नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. उलट उकळल्याने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला असे पाणी दुधात घालून दिले, तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळे पडू शकते. मोठ्या माणसाला ते कळतही नाही, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

हे नायट्रेट येते कुठून? उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून आणि आपल्या खताच्या पोत्यातून. हिशेब सोपा आहे. वीस फूट व्यासाची विहीर आणि तिच्यात वीस फूट पाणी धरले, तर ते सुमारे पावणेदोन लाख लिटर भरते. अवघ्या चार किलो युरियातले सगळे नत्र नायट्रेट होऊन त्या विहिरीत उतरले, तर तेवढ्यानेच ४५ ची मर्यादा गाठली जाते. ४५ किलोच्या एका पोत्यात अशा अकरा विहिरी बसतात. सगळे नत्र विहिरीत जाते असे आम्ही म्हणत नाही. पिकाला जाते, हवेत जाते, मातीत राहते. पण थोडके किती पुरे होते, ते यावरून कळावे.

आता वेळेचे बघा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. त्यातले ४० टक्के नत्र मोठ्या बांधणीला द्यायचे असते, म्हणजे एकरी ४० किलो. सगळे युरियातून दिले तर सुमारे दोन पोती होतात. आणि ही बांधणी नेमकी वळवाच्या व मृगाच्या तोंडाला येते. आपल्याकडे बरेच जण "आभाळ आलंय, खत विस्कटून टाकू, पाऊसच विरघळवील" म्हणून घाई करतात. इथेच घात होतो. युरिया विरघळला तरी माती त्याला लगेच धरत नाही. जमिनीतल्या जिवाणूंच्या कृतीने दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियात रूपांतर होते, तेव्हा कुठे मातीचे कण त्याला धरून ठेवतात. त्याआधी जोराची सर आली तर विस्कटलेला युरिया सरीच्या पाण्याबरोबर थेट चरीला लागतो. २०१५ पासून आपल्याला मिळणारा युरिया निमकोटेड आहे. त्याने पुढे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, पण वरवर टाकलेला युरिया वाहून जायचा थांबत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. खत उघड्यावर विस्कटू नये, मातीआड करावे. खोडव्यात पहारीने भोके घेऊन त्यात खत द्यावे आणि भोक बुजवावे. लागणीच्या उसात बांधणीच्या औताबरोबर ते झाकले जावे. हवामान खात्याने दोन-तीन दिवसांत जोराच्या पावसाचा इशारा दिला असेल, तर तेवढे दिवस पोते घरातच राहू द्यावे. ठिबक असेल तर पाण्यात विरघळणारे खत हप्त्याहप्त्याने सोडावे. एका वेळी थोडे पडते, म्हणून वाहून जायचे भय राहत नाही.

स्फुरदाचा प्रकार निराळा आहे. ते मातीच्या कणाला घट्ट चिकटते आणि माती वाहिली की तिच्याबरोबर जाते. ओढ्याचे पाणी तांबडे-काळे दिसते, ते आपल्या रानाचे वरचे कसदार पापुद्रे असतात. याला खोडव्यातले पाचट हा उत्तम उपाय आहे. पाचट न पेटवता सरीत पसरले की पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटत नाही, पाणी दमाने चालते आणि मुरते. पाचट पेटवले की राख आणि उघडी माती दोन्ही पहिल्या पावसाला ओढ्यात.

घर आणि गोठा

इथे एकच सूत्र ध्यानात ठेवावे: चांगले पाणी बाजूला काढा आणि घाण पाणी जागेवर जिरवा. पत्र्यावरून पडणारे पाणी तसे स्वच्छ असते. पण पागोळ्यांचे पाणी गोठ्याच्या दारात पडते, शेणातून वाट काढते आणि घाण होऊन ओढ्याला जाते. पत्र्याला पन्हळ लावून ते पाणी एका बाजूला टाकीत किंवा परसात सोडले, तर गोठ्यातून वाहणारे पाणी बरेच कमी होईल.

उकिरडा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, चढाच्या जागी असावा. त्याच्या वरच्या अंगाला चर काढून वाहते पाणी वळवावे आणि खालच्या अंगाला मातीचा वरंबा घालावा. नाडेप पद्धतीची दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकी बांधली, तर खतही चांगले कुजते आणि पावसाने वाहत नाही. जनावरांचे मूत गटारीत न सोडता खड्ड्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत घ्यावे. काळे पाणी उकिरड्यातून वाहताना दिसते, तो खताचा अर्क असतो. तो वाहून गेला की मागे उरतो तो चोथा.

कारखान्यावरून नेलेल्या प्रेसमडचेही तसेच आहे. ट्रॉली बांधावर ओतून ठेवायची आणि सवड मिळेल तेव्हा पसरायची, ही रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. तो ढीग ओढ्याच्या काठावर ओतू नये. रानात आत ठेवावा, कुजवावा आणि पावसाआधी मातीत मिसळावा.

औषधे आणि ऑईल

बेणेप्रक्रियेचे उरलेले द्रावण, फवारणीचा पंप धुतलेले पाणी आणि औषधाचे रिकामे डबे, या तीन गोष्टी ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात जाता कामा नयेत. डबा तीन वेळा खळबळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग डब्याला भोक पाडावे, नाहीतर कोणी त्यात तेल किंवा पाणी भरतो. बेणे बुडवलेले द्रावण उरले तर ते लागणीच्याच सरीत, पाण्यापासून लांब जिरवावे. रिकाम्या डब्यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशीच लावावी, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही सांगितले आहे.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांना एक विनंती. ऑईल बदलताना खाली घमेले ठेवा. काढलेले जळके ऑईल डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल असे पाहा. ते रस्त्याकडेला ओतू नका, गाडीही ओढ्यात घालून धुऊ नका. सांडलेल्या ऑईलवर पाणी मारले की ते नाहीसे होत नाही, फक्त पुढे जाते. त्यावर बगॅस, भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्यावे. गावातल्या गॅरेजवाल्यांनी, पंक्चरवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनीही दारापुढची गटार म्हणजे फुकटची मोरी समजू नये. ती गटार ओढ्यालाच जाते, वाटेत कुठेही ते पाणी शुद्ध होत नाही. गुऱ्हाळमालकांनी काहील धुतल्याचे पाणी आणि रसावरची मळी ओढ्यात न सोडता खड्ड्यात घेऊन खतात मिसळावी.

टोळीचा तळ आणि पूररेषा

ऊसतोड टोळ्या चार-पाच महिने आपल्या रानाच्या कडेला कोप्या घालून राहतात. त्यांना आपण जागा देतो ती बहुधा ओढ्याकाठची, पाण्याच्या सोयीची. मात्र संडासाची सोय करत नाही. मग पहिल्या पावसाला त्या तळावरचे सगळे ओढ्यात उतरते आणि आपण टोळीला नावे ठेवतो. हे बरोबर नव्हे. तळ ओढ्यापासून लांब द्यावा, पाणी आणि संडासाची सोय करावी आणि टोळी गेल्यावर वळवाआधी जागा झाडून घ्यावी. आपला ऊस तोडणाऱ्या माणसाच्या अब्रूचाही हा प्रश्न आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. पाणी घरात शिरले की खताची पोती, औषधाचे डबे, डिझेलचे पिंप सगळे एकदम पाण्यात जाते. ज्यांच्या भिंतीवर पुराची खूण आहे, त्यांनी या वस्तू जूनआधी खुणेच्या वर माळ्यावर हलवाव्यात किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. गरजेपुरतेच खत आणावे, हे सगळ्यात बरे.

काठाला गवताचा पट्टा

इतके करूनही रानातून थोडे पाणी वाहणारच, आणि काळ्या रानात ते वाहिलेच पाहिजे, नाहीतर उसाच्या मुळ्या कुजतील. म्हणून चर बुजवू नये. चरीच्या शेवटाला एक गाळखड्डा घ्यावा, म्हणजे माती तिथे बसते आणि दरवर्षी काढून परत रानात टाकता येते. ओढ्याच्या काठाने पाच-सहा फुटांचा पट्टा न नांगरता राखावा आणि त्यावर मारवेल किंवा हत्तीगवत लावावे. गवतात शिरले की पाणी दमते आणि माती खाली टाकते. काठ ढासळत नाही, आणि जनावरांना वैरण मिळते ती वेगळीच. दोन सऱ्या जास्त निघाव्यात म्हणून काठापर्यंत नांगर घालणाऱ्याचा काठ एखाद्या पुरात दोन सऱ्यांसकट जातो, हे आपण सगळ्यांनी बघितले आहे.

शेवटी एक काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. येत्या वळवाला घरात बसू नका. वीज कडाडत असेल तर थांबा, पण ती शांत झाली की डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आपल्या अंगणात पंधरा मिनिटे उभे राहा. पाणी कुठून येते, कशावरून जाते आणि कुठे बाहेर पडते, तेवढे बघा. पाणी स्वतःच दाखवील की उकिरडा कुठे चुकला आहे आणि वरंबा कुठे घालायचा आहे. पाऊस थांबल्यावर एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम असते. ज्यांना उकिरड्याची जागा, गाळखड्डा किंवा गवताचा पट्टा याबाबत सल्ला हवा असेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात शेती मदतनीसाकडे नाव नोंदवावे. आम्ही बांधावर येऊन बघू.

कारखान्याने नदीत घाण सोडू नये, असे आपण सगळे ठणकावून सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. आपल्या अंगणातले पाणी स्वच्छ निघत असले, तर ते सांगताना आपला आवाज आणखी खणखणीत येईल. तरी सर्व सभासदांनी मृगाआधी आपापल्या घराची, गोठ्याची आणि बांधाची ही पाहणी करून घ्यावी, ही विनंती.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी